गाणी लावा

साहेब, तुम्ही माझ्याबद्दल खोटं लिहिलंत. ‘कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात’ ही ओळ तुमची आहे, खालची सही तुमची आहे, आणि त्या सहीशेजारी डाव्या हातानं काढलेलं जे वेडंवाकडं आहे ती माझी सही आहे. ती तुम्ही माझ्याकडून कशी घेतलीत ते आता सांगतो. तुम्ही विसरला असाल. तुमच्यासारख्यांना बरंच विसरता येतं. मला येत नाही, कारण शर्टाची बटणं रोज लावावी लागतात.

त्या चौकशीच्या सकाळी कारखान्यातलं आमचं शॉप लग्नघरासारखं झाडून काढलं होतं. दोन नंबरच्या प्रेसभोवती पिवळा पट्टा मारला होता, रंग अजून ओला होता, आणि मगदूम सुपरवायझर प्रत्येकाला दम देत फिरत होता की पट्ट्यावर पाय देऊ नका, बूट उमटतील. माझा हात गेला तेव्हा तिथं पट्टा नव्हता.

येसा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. यशवंत गोंधळी, माझा पाळीतला जोडीदार. दोन नंबरवर आम्ही दोघं आलटून पालटून बसायचो.

‘केवढं बांधलंय रं,’ माझ्या बँडेजकडं बघत तो म्हणाला. ‘आत हात हाय का फणस?’

‘सोडून बघ.’

‘नगं बाबा. पिकला असला तर वास सुटंल.’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘आप्पा, घाबरू नगंस. मी सांगणार हाय. माझ्या बी हाताजवळ आलतं ते, तुझ्या आदल्या दिवशी. वारा लागला बोटांना.’

‘मगदूमला सांगितलास?’

‘सांगितलं की. म्हणला, नखं कापत जा.’

आम्ही दोघंही हसलो. हसताना माझा हात ठणकला.

प्रेस कसा चालायचा ते आधी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल मी हात आत का घातला होता. एका बाजूनं पत्र्याची पट्टी आपोआप आत सरकायची, वरून डाय, म्हणजे पोलादी साचा, खाली यायची, आणि दुसऱ्या बाजूला मोटारीच्या दरवाजाच्या बिजागऱ्या पडायच्या. सारखं, थांबल्याशिवाय. मधेच पत्र्याचा एखादा तुकडा डायमध्ये अडकायचा. नियम असा होता, की लाल बटण दाबून प्रेस बंद करायचा, मग हात घालून तुकडा काढायचा. पण लाल बटणानं बंद केलेला प्रेस परत चालू करायचा म्हणजे पट्टी पहिल्यापासून लावा, डाय जुळवा, सुपरवायझरला बोलवा. पाळीचं काम मागं पडायचं आणि पाळी संपल्यावर मगदूम सगळ्यांसमोर आईबहिणीवरून विचारायचा.

मग प्रेसच्या तोंडावर सेन्सर बसवला. एका खांबातून दुसऱ्या खांबात उजेड जायचा, डोळ्याला न दिसणारा. त्याच्यात काही आडवं आलं की शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला कळायचं आणि तो प्रेसला ब्रेक मारायचा. हे बसवलं होतं आमच्या जिवासाठी. पण वर्षभरात लाल बटणाला कुणी हात लावेनासं झालं. तुकडा अडकला की सरळ हात आत घालायचा. उजेड तुटला की डाय वरच्या वर थांबायची. तुकडा काढायचा, हात बाहेर, हिरवं बटण, प्रेस चालू. आमचा हातच बटण झाला होता. नव्या माणसाला मगदूम स्वतः शिकवायचा, ‘घाल हात. भ्या नगंस. थांबतंय ते.’ काम वाढलं म्हणून मगदूमला मुख्य ऑफिसातून शाबासकी आली, ती त्यानं केबिनमध्ये लावली होती.

मीही तसाच हात घातला होता. रोजच्यासारखा, रोजच्या वेगानं. डाय थांबली नाही.

एवढंच माझं म्हणणं होतं. डाय थांबली नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य हेच बोललो, आणि नंतर प्रत्येकाला हेच सांगितलं. मगदूम म्हणायचा, थांबली असणार, तूच थांबायच्या आधी हात खुपसलास. माझा मेहुणा म्हणायचा, दाजी, झोप झाली नसंल. घरी माझी बायको शालन काही बोलायची नाही, भात कालवून भरवायची. पण एकदा तिनं घास हातात तसाच धरून विचारलं, ‘डोळा लागलाता का हो तुमचा?’

मी तोंड उघडलं नाही. ना उत्तराला, ना घासाला.

म्हणून त्या सकाळची मी वाट बघत होतो, साहेब. सेफ्टीचे साहेब म्हणून तुम्ही येणार, प्रेस तपासणार, आणि सगळ्या शॉपसमोर ठरणार, की आप्पासो चौगुले खरं बोलतो का खोटं. मला पैशाचं त्या दिवशी काही वाटत नव्हतं. मला फक्त ती डाय न थांबताना सगळ्यांना दाखवायची होती.

तुम्ही आलात. स्वच्छ बूट, डोक्यावर पांढरं हेल्मेट. मागं मुलाणी मॅडम, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ज्या कंपनीनं कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बनवला होता तिथल्या त्या इंजिनिअर. रुक्साना मुलाणी, मिरजेच्या. वर्षभरापूर्वी त्याच बाईंनी आमच्या प्रेसचा जुना काळा डबा काढून नवा कॉम्प्युटर लावला होता, म्हणून तोंडओळख होती. एरवी हसून बोलणारी बाई. त्या दिवशी कुणाकडं बघत नव्हती.

तुम्ही मात्र सरळ माझ्याकडं आलात.

‘आप्पासाहेब, कसा आहे हात?’

‘नाही, साहेब,’ मी म्हटलं. ‘अंगठा आहे. बाकीची चार नाहीत.’

तुम्ही मान खाली घातलीत. बरोबर जितकी घालायला पाहिजे तितकीच.

‘हे बघा,’ तुम्ही म्हणालात, ‘आपण आज इथे कोणाला गुन्हेगार ठरवायला जमलेलो नाही. तुम्ही म्हणता प्रेस थांबला नाही. सुपरवायझर म्हणतात थांबतो. माणसांचं ऐकत बसलो तर संध्याकाळ होईल. आपण मशीनलाच विचारू. मशीन जे सांगेल ते मी लिहीन आणि तुम्ही सही कराल. चालेल?’

‘चालंल की,’ मी म्हटलं. मला वाटलं, देव पावला. मशीनला विचारा, एवढंच तर मी म्हणत होतो.

येसा पुढं झाला. ‘साहेब, माझ्या बी हाताजवळ–’

‘तुला विचारलंय का?’ मगदूम म्हणाला.

‘असू द्या, असू द्या,’ तुम्ही म्हणालात. ‘सगळ्यांचं ऐकू. आधी मशीनचं.’

मगदूमनं उसाची कांडी आणली होती, बाहेर गेटवरच्या रसवाल्याकडून. मनगटाएवढी जाड. हाताच्या जागी ऊस घालायचा, उजेड तुटेल, डाय थांबली तर ऊस शाबूत, नाही थांबली तर चिपाड. ती कल्पना कुणाची होती मला माहीत नाही. पण उसाला ओल असते, आणि ती कांडी टेबलावर ठेवली तिथं ओलं झालं. मी दुसरीकडं बघितलं.

शॉपमध्ये सगळे ताठ उभे. तुम्ही चौफेर बघितलंत आणि हसलात.

‘अरे, मयताला आल्यासारखे काय उभे आहात? एवढ्या दडपणात काम होतं का कुणाचं? ती गाणी कुठे गेली तुमची?’

गाण्यांची गोष्ट अशी, की जुना काळा डबा मुका होता. नव्या कॉम्प्युटरला स्पीकर होता. तो आला त्याच आठवड्यात येसानं पेन ड्राइव्हमधून त्याच्या मामाच्या गोंधळाची गाणी त्यात भरली. मामाचा खर्जातला आवाज, संबळ, तुणतुणं. मोबाइलवर कुणीतरी उघड्या मैदानात रेकॉर्ड केलेलं, मधेच कुत्रं भुंकलेलंही ऐकू यायचं. वर्षभर प्रत्येक पाळीला ती गाणी वाजली. प्रेसचा दणका आणि संबळाचा ताल कधी जुळायचा, कधी नाही. जुळला की येसा मान हलवायचा. मग सेफ्टीचे नवे साहेब म्हणून तुम्ही पहिल्यांदा आलात, दारातच थांबलात आणि म्हणालात, ‘हा कारखाना आहे की जत्रा?’ त्याच दिवशी गाणी बंद. भिंतीवर पाटी लागली, कामाच्या जागी गाणी वाजवू नयेत, लक्ष विचलित होते.

आणि आता तुम्हीच विचारत होता, गाणी कुठे गेली.

‘साहेब, बंदी हाय,’ येसा म्हणाला.

‘बंदी मीच घातली ना? आजच्या दिवस मीच उठवतो. गाणी लावा.’

येसानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं जाऊन मामाला चालू केलं. संबळ घुमला. लोकांचे खांदे सैल झाले, कुणीतरी खाकरलं, मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘माणूस चांगला हाय गड्या.’ खोटं कशाला सांगू, साहेब, मलाही तसंच वाटलं.

प्रेस चालू केला. डाय वरखाली होऊ लागली. मगदूमनं ऊस धरला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि आत खुपसला.

डाय थांबली. वरच. ऊस शाबूत.

‘परत,’ तुम्ही म्हणालात.

परत थांबली. मग तिसऱ्यांदा, वेगानं. थांबली. लोक माझ्याकडं बघत नव्हते आणि ते न बघणं मला अंगावर कळत होतं.

मुलाणी मॅडम कॉम्प्युटरजवळ उभ्या होत्या. प्रेसकडं त्यांचं लक्षच नव्हतं, स्क्रीनकडं होतं. त्या म्हणाल्या, ‘सर, एकदा प्लेअर बंद करून बघूया का?’

‘कशाला?’ तुम्ही त्यांच्याकडं न बघता म्हणालात. ‘घेऊ द्या की लोकांना जरा आनंद.’

लोक हसले. मीही हसलो असेन. मॅडमनी बॅगेचा पट्टा घट्ट धरला आणि मागं सरकल्या.

‘आप्पासाहेब,’ तुम्ही म्हणालात, ‘बोला. मशीन काय म्हणतंय?’

‘ऊस मी घालतो,’ मी म्हटलं.

मगदूम म्हणाला, ‘एका हातानं? राहू दे की गप.’

‘घालू द्या,’ तुम्ही म्हणालात. ‘त्यांच्या मनात काही राहायला नको.’

मी डाव्या हातात कांडी घेतली. प्रेससमोर त्या दिवसानंतर पहिल्यांदाच उभा राहत होतो. तेलाचा तोच वास. मी मुद्दाम जीव खाऊन कांडी आत मारली, डाय खाली यायला लागल्यावर, अगदी त्या दिवशी हात घातला होता तशी. मनात म्हणत होतो, येऊ दे, येऊ दे खाली, चेचून काढ तो ऊस, सगळ्यांसमोर.

डाय थांबली.

मामा गात होता. कुत्रं भुंकायची जागा आली आणि गेली. मी कांडी बाहेर काढून बघितली. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की शालन म्हणते ते खरं असेल. असेल लागला डोळा. मला आठवत नसेल. आपल्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला तरी कुठं सगळं कळतं.

हात गेला त्या दिवशी मी ओरडलो होतो. या दिवशी आवाज निघाला नाही.

‘बघा,’ तुम्ही अगदी मऊ आवाजात म्हणालात. ‘कधी कधी होतं असं. माणूस आहे. त्यात लाज वाटून घेऊ नका.’

कागद आधीच टाइप केलेला होता. तुम्ही तो माझ्यासाठी टेबलावर दाबून धरलात, हलू नये म्हणून. ‘सावकाश,’ म्हणालात. मी सही केली. येसाला कुणी काही विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. चार वेळा थांबलेली डाय त्यानंही बघितली होती. दुपारनंतर गाणी परत बंद झाली.

कंपनीनं हिशोब करून मला घरी पाठवलं. मी वैरणीच्या आणि पेंडीच्या दुकानात बसायला लागलो, गिऱ्हाइकाला पोतं दाखवायचं, उचलायला दुसरा माणूस. शालन चांगली वागायची. फार चांगली. झोपेत गाडी घालून पोराला उडवलेल्या माणसाशी घरातले जसं वागतील, तसं.

वर्षं गेली. मग एका रविवारी मुलाणी मॅडम घर शोधत आल्या. एकट्याच, बसनं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘मी ती कंपनी सोडली. तुम्हाला एक दाखवायचंय. बघितल्यावर मला घराबाहेर काढलंत तरी चालेल.’

येसा त्या दिवशी म्हशीला पेंड न्यायला दुकानावर आला होता, तिथून माझ्याबरोबर घरी आलेला. त्याला बघून मॅडम म्हणाल्या, ‘बरं झालं तुम्ही पण आहात.’ शालननं चहा टाकला. मॅडमनी लॅपटॉप उघडून पाटावर ठेवला आणि आम्ही तिघं जमिनीवर बसलो.

‘सेन्सरचा उजेड तुटला की प्रोग्रॅम लगेच ब्रेक मारत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तेलाचा धूर आडवा आला तरी उजेड तुटतो. दर वेळी प्रेस थांबला तर काम होणार नाही. म्हणून प्रोग्रॅम बारा वेळा बघतो. बघ, जरासा थांब, परत बघ. बाराही वेळा उजेड तुटलेला दिसला तर तो हात, मग ब्रेक. मधलं थांबणं किती, तर एक मिलिसेकंद. सेकंदाचा हजारावा भाग.’

‘एवढं बारीक कोण मोजतंय,’ येसा म्हणाला.

‘कॉम्प्युटर मोजतो. पण प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या पद्धतीनं. जुन्या काळ्या डब्यात लिनक्स होतं, विंडोजसारखंच पण वेगळं. त्याला एक मिलिसेकंद थांब म्हटलं, की तो जवळजवळ तेवढाच थांबायचा. मुख्य ऑफिसचा हुकूम आला, सगळीकडं विंडोज पाहिजे, आकडे एका ठिकाणी दिसायला. मी प्रोग्रॅम इकडून तिकडं नेला. ती ओळ पण तशीच नेली, एक थांब. हे बघा.’

त्यांनी काहीतरी दाबलं. स्क्रीनवर आकडा आला, तेरा. ‘हे लिनक्स. बारा वेळा थांबून लागले तेरा मिलिसेकंद.’ मग लॅपटॉप बंद करून परत चालू केला, वेगळा रंग आला. ‘हे विंडोज, तेव्हा प्रेसवर होतं तेच. प्रोग्रॅम तोच.’

आकडा आला. एकशे सत्याऐंशी.

‘ह्यो का वाढला?’ मी विचारलं.

‘रात्रीचा वॉचमन तासाला टोला देतो ना? त्याला सांगितलं, मला पाच मिनिटांनी उठव, आणि तो फक्त टोल्यालाच उठवणारा असला, तर तुम्ही तासभर झोपाल. विंडोजचा टोला पंधरा-सोळा मिलिसेकंदांनी पडायचा. एक थांब म्हटलं तरी पुढच्या टोल्यापर्यंत तो उठत नव्हता. असं बारा वेळा. तेवढ्यात डाय…’ त्यांनी वाक्य तसंच सोडलं. माझ्या हाताकडंही बघितलं नाही.

दारात शालन उभी होती, हातात कप. ‘म्हंजे ह्येंचा डोळा लागला न्हवता?’

‘नाही, वहिनी. झोपला होता तो प्रोग्रॅम.’

शालननं कप खाली ठेवले. पदर तोंडाला लावून ती आत गेली.

मी म्हटलं, ‘मॅडम, पण त्या दिवशी ऊस घातला, तवा थांबली की. चार वेळा. मी स्वतः घातला. आणि वर्षभर आम्ही हात घालतच होतो, कुणाला काय झालं न्हाई.’

‘तेच दाखवायला आले,’ त्या म्हणाल्या. ‘येसादादा, ती मामांची गाणी आहेत अजून?’

येसाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात तोच पेन ड्राइव्ह लटकत होता. तो म्हणाला, मामा गेल्यापासून काढला नाही. मॅडमनी तो लॅपटॉपला लावला. माझ्या घरात संबळ घुमला. मग त्यांनी परत तेच दाबलं.

चोवीस.

गाणं बंद. एकशे सत्याऐंशी. गाणं चालू. चोवीस.

‘गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला बारीक टोले लागतात, नाहीतर आवाज तुटतो. तो विंडोजला सांगतो, टोले बारीक दे. आणि तेव्हाच्या विंडोजमध्ये एकानं मागितलं, की ते सगळ्यांनाच मिळायचे. आपल्या प्रोग्रॅमला पण. मी नवा कॉम्प्युटर लावून तपासला तेव्हा तुमची गाणी चालू होती. सगळं बरोबर निघालं. वर्षभर गाण्यानं तो प्रेस सांभाळला. कुणालाच माहीत नव्हतं, मला सुद्धा.’

येसा पाटाकडं बघत बसला होता. एरवी कुजक्या विनोदाशिवाय दोन वाक्यं न बोलणारा माणूस. मग त्यानं विचारलं, ‘मॅडम, त्या दिवशी साहेब म्हणले, गाणी लावा. बंदी त्यांचीच आणि लावा बी तेच म्हणले. का म्हणले?’

मॅडमनी लॅपटॉप मिटला.

‘तुम्हाला कधी कळलं हे सगळं?’ मी विचारलं.

‘आदल्या दिवशी. गाणी बंद झाली आणि त्याच आठवड्यात अपघात झाला, हे मगदूमांच्या बोलण्यात आलं, तेव्हा डोक्यात लख्ख झालं. करून बघितलं. दुपारी गेस्ट हाउसला जाऊन सरांना दाखवलं. याच लॅपटॉपवर, आत्ता तुम्हाला दाखवलं तसंच.’

‘काय म्हणले?’

‘ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, म्हणजे गाणं चालू असलं, की प्रेस बरोबर थांबतो? मी म्हटलं, हो. त्यांनी परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. ते म्हणाले, ठीक आहे मॅडम, उद्या बघू.’

मॅडमनी मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला.

‘चौकशी झाल्यावर संध्याकाळी मला म्हणाले, ती ओळ दुरुस्त करून टाका, कागदावर काही नको. मी दुरुस्त केली. त्यानंतर तो प्रेस गाण्याशिवायही थांबतो.’ त्या येसाकडं वळल्या. ‘तुम्ही त्यावर बसणार होता, म्हणून तेवढं तरी त्याच रात्री करून मी निघाले.’

येसानं आपले दोन्ही हात पालथे करून बघितले, मग मांडीखाली घातले. ‘गाणं मी लावलं,’ तो म्हणाला. ‘माझ्या हातानं लावलं.’

‘तुम्ही तिथं बोलला का नाही?’ मी मॅडमना विचारलं. आवाज चढला माझा.

‘एकदा बोलले. तुम्ही ऐकलंत. दुसऱ्यांदा नाही बोलले. आमच्या कंपनीचं सगळं काम त्यांच्याच हातात होतं, आणि माझी चूकही त्यात निघणार होती. भ्याले.’

मी त्या बाईला माफ केलेलं नाही, साहेब. तिला तसं सांगितलंही. पण ती बसनं आली, जमिनीवर बसली आणि तोंडावर सांगितलं. शालननं तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्या रात्री शालननं मला जेवायला वाढलं आणि पहिल्यांदाच घास भरवायला पुढं आली नाही. ताट समोर सरकवलं आणि म्हणाली, ‘खावा की तुमच्या हातानं.’ मी डाव्या हातानं जेवलो. किती तरी वर्षांनी पोटभर जेवलो.

येसा आता गाणी ऐकत नाही. पेन ड्राइव्ह त्यानं आमच्या घरातच ठेवला. म्हणतो, तो संबळ वाजला की ऊस दिसतो.

आता माझं ऐका. एक मिलिसेकंद कुठं किती होतो हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं, मान्य. कुणालाच नव्हतं. बंदी घातलीत तेव्हा तुम्हाला काय कळणार होतं, तेही मान्य. हात घालायची सवय आमची होती, आणि ती मगदूमनं लावली होती, तेही लिहून देतो. माझी चार बोटं मी तुमच्या नावावर मांडत नाही.

पण आदल्या दुपारी तुम्हाला कळलं होतं. तुम्ही दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, माझं बँडेज समोर असताना, सगळ्या शॉपकडं बघून हसत तुम्ही म्हणालात, गाणी लावा. मी डाव्या हातानं ऊस आत मारला तेव्हा डाय थांबणार हे त्या शॉपमध्ये दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक मान खाली घालून उभी होती. दुसरे तुम्ही. मी माझ्यावरचा विश्वास सोडला तो तुम्ही डोळ्यांनी बघितलात, आणि कागद हलू नये म्हणून दाबून धरलात.

मला ती ओळ खोडून पाहिजे. पण त्याच्या आधी उत्तर पाहिजे. गाणी लावायला तुम्ही का सांगितलंत?

हे सगळं मी डाव्या हातानं लिहिलंय. तुमचे दोन्ही हात शाबूत आहेत, साहेब. लिहा.